औशातल्या 210 एकरांवर 50 मेगावॅटचा सौरप्रकल्प, बॅटरीसह: उतरावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यात भावकीची मिळून 210 एकर जमीन आहे, निम्मी मुरमाड, निम्मी काळी. सात किलोमीटरवर 132 केव्हीचं उपकेंद्र आहे. एक कंपनी एकरी भाडं ठरवून जमीन मागतेय. पण नुसतं भाडं घेण्यापेक्षा आपणच 50 मेगावॅटचा सौरप्रकल्प बॅटरीसह उभा करावा, असं घरातल्या तरुण मंडळींना वाटतंय. बँक कर्ज देईल का, बॅटरीचं गणित बसतं का आणि यात उतरावं का, हे तुम्ही विचारलंय.

मी पंधरा वर्षं याच कामात आहे. सुरुवातीची वर्षं साइटवर गेली, नंतरची कर्जाच्या फाइली घेऊन बँकांमध्ये. त्या अनुभवातून सांगतो, बँक पैसे देते ते वीजखरेदीच्या कराराकडे बघून, आणि तो करार तुम्ही पंचवीस वर्षं पाळू शकाल याच्या पुराव्याकडे बघून. जमीन अडली, लाईन रखडली, पाऊस जास्त झाला, बॅटरी लवकर थकली, तर प्रत्येक वेळी भुर्दंड कोणाच्या खिशातून जाणार हे कागदावर लिहिलेलं हवं. जे लिहिलेलं नसतं ते प्रमोटरच्या डोक्यावर बसतं, आणि इथे प्रमोटर म्हणजे तुम्ही आणि तुमची भावकी. खाली जे लिहितोय ते सगळं याच नजरेने वाचा.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. 50 मेगावॅट हा ग्रीडला जाणाऱ्या विजेचा आकडा. त्यासाठी पॅनल लावायचे साधारण 70 मेगावॅट-पीक, कारण पाटीवर लिहिलेली क्षमता पॅनल वर्षातल्या मोजक्याच तासांत देतात. बॅटरी निम्म्या ताकदीची आणि दोन तासांची धरू, म्हणजे ताकद 25 मेगावॅट आणि साठा 50 मेगावॅट-अवर (50 हजार युनिट). सेकीने (सौर वीज खरेदीच्या निविदा काढणारी केंद्र सरकारची कंपनी) 2024 मध्ये 1,200 मेगावॅटची निविदा काढली तिच्यातही हेच प्रमाण होतं: 600 मेगावॅट, 1,200 मेगावॅट-अवर. दर आला 3.41 आणि 3.42 रुपये युनिट. त्याच वर्षाच्या शेवटी चार तासांच्या बॅटरीसह 2,000 मेगावॅटची निविदा उघडली, तिचा दर 3.52 रुपयांच्या आसपास थांबला. साठवण दुप्पट आणि दरात फरक दहा-अकरा पैशांचा. नुसती बॅटरी भाड्याने द्यायच्या निविदांतही तीच घसरण दिसते. 2022 मध्ये मेगावॅटमागे महिन्याला 10.83 लाख, मार्च 2024 मध्ये गुजरातेत 4.49 लाख, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजस्थानात, केंद्राचं अनुदान धरून, 2.21 लाख. म्हणूनच आज सगळे बॅटरीचं बोलताहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणानेही सौर निविदांत किमान दहा टक्के क्षमतेची, दोन तासांची साठवण ठेवायला सांगितलं.

आता वही घ्या. खालचे भाव मी हिशेबासाठी धरलेत, ते दर दोन महिन्यांनी हलतात, तुमच्या हातात कोटेशन आलं की बदला.

सौर भाग, लाईन आणि उपकेंद्रातलं काम धरून 225 कोटी. बॅटरी 60 कोटी. एकूण 285 कोटी. त्यातलं 75 टक्के कर्ज, म्हणजे 214 कोटी. उरलेले 71 कोटी तुमचे. आपल्या भागातल्या उन्हात एका किलोवॅट-पीकमागे वर्षाला 1,550 ते 1,600 युनिट निघतात, म्हणजे 70 मेगावॅट-पीकमधून अंदाजे 11 कोटी युनिट. बॅटरीत शंभर युनिट घातले तर पंच्याऐंशीच्या आसपास परत मिळतात, तिथे वर्षाला तीसेक लाख युनिट जिरतात. विकायला राहिले 10.65 कोटी. युनिटला 3.40 रुपये धरले तर 36 कोटी जमा. देखभाल, विमा, जमिनीचं भाडं, रखवाली, पॅनल धुणं मिळून 5 कोटी खर्च. हातात 31 कोटी. अठरा वर्षांचं कर्ज नऊ टक्क्यांनी घेतलं तर वर्षाचा हप्ता साडेचोवीस कोटी. 31 भागिले 24.5 म्हणजे 1.27. बँकेला हे गुणोत्तर साधारण 1.2 च्या वर हवं असतं, त्यामुळे फाइल पहिल्या नजरेत पास होते.

पण बँकेचा अभियंता 11 कोटी युनिट मान्य करत नाही. तो दहा वर्षांतली नऊ वर्षं ज्याच्या खाली जाणार नाही असा आकडा धरतो, त्याला पी-90 म्हणतात. तो सहा-आठ टक्क्यांनी कमी येतो. सात टक्के कमी धरले की तेच गुणोत्तर 1.17 होतं, आणि बँक म्हणते, कर्ज कमी करा, स्वतःचे अजून आठ-दहा कोटी आणा.

याच हिशेबातून आणखी दोन गोष्टी काढून बघा, कारण निर्णय त्यांच्यावर आहे. हप्ता भरून उरतात साडेसहा कोटी. तुमच्या 71 कोटींवर ते नऊ टक्के झाले. बँक कुठलाही धोका तुमच्या आधी अंगावर न घेता नऊ टक्के घेते, आणि सगळा धोका घेऊन सुरुवातीच्या वर्षांत तुम्हालाही तेवढेच मिळतात, तेही कर भरायच्या आधी. खरा फायदा अठरा वर्षांनी कर्ज फिटल्यावर येतो. दुसरी गोष्ट व्याजाची. नऊऐवजी दहा टक्के लागले तर वर्षाचा हप्ता दीड-पावणेदोन कोटींनी वाढतो, म्हणजे युनिटमागे पंधरा पैसे गेले. ज्या लिलावात 3.41 आणि 3.42 मध्ये निकाल लागतो तिथे पंधरा पैसे म्हणजे सरळ बाहेर. मोठ्या घराण्यांना कर्ज स्वस्त मिळतं, पॅनल घाऊक भावात मिळतात, एका प्रकल्पाचा तोटा दुसऱ्यात भरून निघतो. नवख्या प्रमोटरला पहिल्या प्रकल्पात बँक एक-दीड टक्का जास्तच लावते.

जमिनीवर जरा थांबतो, कारण शहरातले सल्लागार ती दोन ओळींत उरकतात.

मेगावॅटला चार एकर धरले तर 50 ला 200 एकर लागतात, आणि तुमच्याकडे 210 आहेत. पुरतील असं वाटतं, पण नाला जातो, विहिरी जातात, गावाची पाणंद सोडावी लागते, बांधावरच्या झाडांची सावली पडते, बॅटरीला आणि यार्डाला दोन-तीन एकर सपाट जागा लागते. मोजणी खात्याची ‘क’ प्रत हातात येईपर्यंत 210 हा आकडा खरा मानू नका. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र यात फरक निघतोच.

मग सातबारा. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो. तो ‘इतर हक्क’ रकान्यातला विकास सोसायटीचा बोजा बघतो, भोगवटादार वर्ग 2 आहे का बघतो, कूळ, वतन, इनाम यांच्या नोंदी बघतो, आणि वारसांच्या नोंदीवर सगळ्यात जास्त अडतो. मराठवाड्यातल्याच एका साइटची गोष्ट सांगतो. 140 एकरांत मधोमध 11 एकरांचा एक गट होता. तीन भावांनी सह्या केल्या, भाडेपट्टा नोंदवला, खांब ठोकायला सुरुवात झाली. बँकेच्या वकिलाने फेरफार काढला तर 1998 साली वडील गेल्यावर दोन बहिणींची नावं लागलीच नव्हती. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीला जन्मतःच वाटा आहे, आणि ऑगस्ट 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यावर वाद घालण्यात अर्थ राहिला नाही. एक बहीण कलबुर्गीला दिलेली, वीस वर्षं माहेरी बोलावलेली नव्हती. तिची सही मिळायला पाच महिने लागले. सहीसाठी मीच तिच्या घरी गेलो होतो. चहा पुढे ठेवून ती म्हणाली, जमिनीसाठी आलात, पण भावाने एक फोन केला असता तर मी तेव्हाच सही केली असती. त्या पाच महिन्यांत बँकेने एक रुपया सोडला नाही आणि ठेकेदाराचं बिल चालूच राहिलं. तुमच्या भावकीतल्या बहिणींकडे, आत्यांकडे आत्ताच जा. त्यांचा वाटा त्यांना द्या. कायदा तेच सांगतो, आणि ते न्यायाचंही आहे.

कंपनीच्या नावावर जमीन विकत घ्यायचा विचार असेल तर कूळकायद्याची परवानगी आणि कमाल जमीनधारणेची मर्यादा (कोरडवाहूला 54 एकर) हे दोन प्रश्न उभे राहतात, त्यामुळे आपल्याकडे भाडेपट्ट्याचाच रस्ता रूढ आहे. मुदत 29 वर्षांच्या पुढे गेली की मुद्रांक शुल्काचा टप्पा वाढतो, म्हणून बहुतेक जण मुदत त्याच्या आत बसवतात.

मातीचंही सांगायला हवं. मुरमाड निम्म्या भागाची मला काळजी वाटत नाही. काळ्या निम्म्या भागाची वाटते. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगेत अख्खा हात जातो. पाऊस पडला की फुगते आणि रोवलेला खांब वर ढकलते. एके ठिकाणी एप्रिलमध्ये पुल-आउट टेस्ट झाली, खांबाला यंत्राने वर ओढलं, जागचा हलला नाही, अहवाल उत्तम आला. सप्टेंबरमध्ये मी त्याच खांबांच्या रांगेत उभा होतो. जमिनीच्या पातळीला मारलेली रंगाची रेघ दोन बोटं वर आली होती, काही खांब तीन बोटं. वरच्या पॅनलची ओळ लाटेसारखी दिसत होती आणि कोपऱ्यातल्या काचांना तडे गेले होते. खांब मुरुमाच्या थरापर्यंत न्यावा लागतो, काँक्रीट भरावं लागतं, आणि त्याचा खर्च एकरी धरून आधीच मांडावा लागतो. शिवाय काळ्या रानात जूनपासून चार महिने मशीन उतरत नाही. करारात अठरा महिन्यांची मुदत असेल आणि त्यात दोन पावसाळे येत असतील, तर कामाचे महिने दहाच हातात आहेत असं समजा.

आता लाईन. साक्रीला शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर. त्या काळात पॅनल महाग होते आणि ग्रीडमध्ये जागा मोकळी होती. आज उलटं झालंय. उपकेंद्र सात किलोमीटरवर आहे यावरून तिथे 50 मेगावॅट टाकता येतील असं ठरत नाही. ट्रान्सफॉर्मरवर भार किती, बे (उपकेंद्रात आपली लाईन जोडायचा कप्पा) बांधायला जागा आहे का, आधी कोणाकोणाला जोडणी मंजूर झाली आहे, हे महापारेषणच्या (राज्याच्या पारेषण कंपनीच्या) पत्रातूनच कळतं. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या कृषी वाहिनी योजनेचे छोटे प्रकल्पही गावोगावच्या उपकेंद्रांवर जोडले जाताहेत, त्यांचाही भार वरच्या यंत्रणेवर येतो.

सात किलोमीटरात पंचवीस-तीस टॉवर येतील. प्रत्येक टॉवर कोणाच्या तरी रानात. केंद्राने जून 2024 मध्ये पारेषण लाईनसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला तीस टक्के भरपाई सुचवली. हे पैसे पहिल्या दिवशीच खर्चात धरा आणि शेतकऱ्याच्या हातात काम सुरू व्हायच्या आधी द्या. एका टॉवरने अडवलेला प्रकल्प काय महागात पडतो ते बघा. पॅनल लागले, बॅटरी आली, कर्ज सगळं उचललं आणि लाईन सहा महिने रखडली, तर 214 कोटींचं सहा महिन्यांचं व्याजच साडेनऊ कोटी होतं. तुमच्या 71 कोटींतला आठव्या हिश्शाहून जास्त भाग एकही युनिट न विकता गेला. राजस्थानात 2025 मध्ये याच्याही पुढची अवस्था दिसली. प्रकल्प तयार, ऊन भरपूर, पण पारेषणाची कायमची जोडणी न मिळालेल्यांना भर दुपारी उत्पादन कमी करायला लावलं गेलं.

बॅटरीकडे येतो. ती कशासाठी आहे हे आधी नीट समजून घ्या. दुपारी सगळीकडेच सौर वीज येते, तेव्हा बाजारात भाव पडतात. संध्याकाळी सातला मागणी चढते आणि ऊन मावळलेलं असतं. बॅटरी दुपारची वीज संध्याकाळी नेऊन देते, एवढंच तिचं काम. आणखी एक छोटा फायदा आहे. 70 मेगावॅट-पीकचे पॅनल 50 च्या इन्व्हर्टरला जोडलेले असले की फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ दुपारी वरची वीज कापली जाते. बॅटरी डीसी बाजूने, म्हणजे इन्व्हर्टरच्या आधी जोडली तर ती कापली जाणारी वीजही तिच्यात जाते. पण तशी जोडणी दुरुस्तीला किचकट असते. पहिल्याच प्रकल्पात मी एसी बाजूची, म्हणजे इन्व्हर्टरच्या पुढची जोडणी घेईन. बॅटरीत बिघाड झाला तरी सौर भाग चालू राहतो आणि हप्ता निघतो.

ती किती टिकते, याचं उत्तर कॅलेंडरच्या वर्षांत देता येत नाही. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला सहा हजार वेळा भरण्या-उतरवण्याचं आयुष्य सांगतात. रोज एकदा केलं तर सोळा वर्षं, दोनदा केलं तर आठ. दरवर्षी दोन-अडीच टक्के क्षमता झिजते. तुमचा करार मात्र पंचवीस वर्षांचा आणि कर्ज अठरा वर्षांचं. म्हणजे कर्ज फिटायच्या आत बॅटरीत भर घालावी लागणार, आणि बँक पहिल्याच बैठकीत विचारणार की तेव्हा पैसे कुठून आणाल. त्याचं उत्तर दोन भागांत असतं. सुरुवातीलाच दहा-पंधरा टक्के जास्त बॅटरी लावायची, आणि पुढच्या कंटेनरसाठी काँक्रीटचा चौथरा, केबलची नळी, ट्रान्सफॉर्मरमधली जागा आजच ठेवायची. सोबत दरवर्षीच्या जमेतून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. ही रक्कम मी वर केलेल्या हिशेबात धरलेली नाही. धरली की साडेसहा कोटींतून तीही वजा होते.

वॉरंटीचा कागद शेवटच्या पानापर्यंत वाचा. खोलीचं तापमान किती, किती टक्क्यांखाली बॅटरी उतरवायची नाही, पूर्ण भरून किती दिवस ठेवायची नाही, वर्षाला एकूण किती युनिट तिच्यातून काढायचे, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं आणि एक अट मोडली की दावा फेटाळला जातो. मे महिन्यात दुपारी तीनला मी एका कंटेनरपाशी उभा होतो, बाहेर 43 अंश. आतले सेल पंचवीस-तीस अंशांवर ठेवायला कूलिंगचं युनिट अखंड घरघरत होतं आणि तीन फुटांवर बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्या कूलिंगला लागणारी वीज कोणाच्या मीटरवर मोजायची यावरून पुढे विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात सहा महिने पत्रव्यवहार झाला. विक्रेत्याने शंभराला पंच्याऐंशी परत देईन म्हटलं असेल, तर ते कूलिंगसह की कूलिंगशिवाय, हे लिहून घ्या. आणि कंटेनर वस्तीपासून लांब ठेवा, तो आवाज रात्री गावात जातो.

गावात आगीची भीती विचारली जाईल, आणि ती रास्त आहे. 16 जानेवारी 2025 ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला बॅटरी केंद्र पेटलं आणि आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. तिथल्या बॅटऱ्या वेगळ्या रसायनाच्या, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारच्या होत्या आणि एकाच इमारतीत दाटीने ठेवलेल्या होत्या. आज आपल्याकडे एलएफपी येते, ती उघड्यावर, वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, मध्ये अंतर ठेवून बसवतात, म्हणजे एक पेटला तरी दुसऱ्याला धग लागू नये. पण ते अंतर जागा वाचवण्यासाठी कमी करू देऊ नका, आगीच्या चाचणीचा अहवाल मागा, आणि ग्रामसभेत जाऊन हे सगळं न लपवता सांगा. आपल्या देशात राजनांदगावला 100 मेगावॅट सौर आणि 40 मेगावॅट, 120 मेगावॅट-अवरची बॅटरी 2024 च्या सुरुवातीपासून चालू आहे. गावातल्या चार जणांना घेऊन तिथे जाऊन या. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं घरी परतून सांगितलं की गाव ऐकतं.

वीज कोणाला विकणार, यावर कर्जाचा निम्मा निकाल लागतो. सेकीसारख्या केंद्राच्या संस्थेशी करार झाला तर बँकेला पैसे मिळण्याची फारशी चिंता नसते. राज्याच्या वितरण कंपन्यांची थकबाकीही 2022 च्या विलंब-अधिभार नियमांनंतर (बिल उशिरा भरलं की दंड) बरीच सुधारली. तरी करार झाला म्हणून निर्धास्त राहू नका. 2019 मध्ये आंध्रात नव्या सरकारने जुने दर पुन्हा बोलणीला काढले, उत्पादकांचे पैसे अडकले आणि मार्च 2022 मध्ये उच्च न्यायालयाने करारातले दर द्यायला सांगितले. मधल्या काळातले हप्ते उत्पादकांना भरावेच लागले. म्हणून बँक दोन तिमाहींचा हप्ता वेगळ्या खात्यात आधीच ठेवायला लावते.

तिसरा रस्ता कारखान्यांना थेट विकण्याचा. ग्रुप कॅप्टिव्हमध्ये वीज वापरणाऱ्यांनी मिळून 26 टक्के भांडवल घालायचं आणि 51 टक्के वीज वापरायची. तसं केलं की वितरण कंपनी सोडून दुसरीकडून वीज घेतल्याबद्दल लागणारा क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही, आणि अतिरिक्त अधिभारही लागत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये महावितरणच्याच प्रकरणात ठरवलं. दर सेकीपेक्षा चांगला मिळतो, संध्याकाळचा वीजदर जास्त असल्याने बॅटरीला खरी किंमत येते. पण कारखाना दहा वर्षांत बंद पडू शकतो, आणि टीओडीच्या (दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराच्या) वेळा व बँकिंगचे (ग्रीडला दिलेली वीज नंतर वापरायचे) नियम आयोगाच्या आदेशागणिक बदलतात. बँक अशा प्रकल्पाला कर्ज देते, पण मुदत कमी करते आणि व्याज वाढवते. तुमच्या ओळखीत लातूर-सोलापूरकडे दोन-तीन भक्कम कारखाने असतील तरच हा रस्ता धरा.

पॅनलबद्दल एकच सांगतो. ते सरकारच्या एएलएमएम यादीतलेच (मान्यताप्राप्त मॉडेल आणि उत्पादकांची यादी) हवेत, आणि 1 जून 2026 पासून आतले सेलही यादीतले लागतात. परदेशी स्वस्त माल दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

तर उतरावं का? 71 कोटी रोख, वर आठ-दहा कोटी अडचणीला आणि दोन वर्षं एक रुपया न मिळता थांबायची ताकद भावकीत नसेल, तर प्रमोटर होऊ नका. भावकीच्या जमिनी तारण ठेवून हे भांडवल उभं करायचा विचार कोणी मांडला तर तिथेच थांबवा. मी तसं करून राहतं घर विकलेली माणसं पाहिली आहेत. भाडेपट्टा द्या, पण चांगला द्या. भाव ठरवताना कृषी वाहिनी योजनेचा दर समोर ठेवा: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. कंपनीला भाडेपट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण ठेवता येईल, जमिनीची मालकी नाही, हे वाक्य स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. पहिल्या दिवसापासून भाडं सुरू, काम सुरू झाल्यापासून नाही. नाल्याचा प्रवाह अडवणार नाही. मुदत संपल्यावर खांब, काँक्रीट, केबल, बॅटरी सगळं काढून रान पेरणीजोगं करून देणार, आणि त्या खर्चाची बँक गॅरंटी पंधराव्या वर्षापासून ठेवणार. तरुण मुलांना हे काम शिकायचंच असेल तर लाईनचं, मातीकामाचं, पॅनल धुण्याचं कंत्राट करारात मागून घ्या. पाच-सात टक्के भागीदारी मिळाली तर तीही घ्या, मात्र कर्जाच्या हमीपत्रावर सही न करता.

कंपनीचा माणूस पुढच्या वेळी आला की त्याच्याकडे महापारेषणचं जोडणी मंजुरीचं पत्र मागा. पत्र असेल तर बोलणी पुढे न्या. नसेल, तर बारा महिन्यांत पत्र आलं नाही तर भाडेपट्टा आपोआप रद्द आणि दिलेलं भाडं परत मागायचं नाही, ही अट घातल्याशिवाय सही करू नका. नुसते भाडेपट्टे गोळा करून दुसऱ्याला विकणारे बरेच फिरताहेत, आणि त्यांच्या कागदात अडकलेली जमीन मग खऱ्या कंपनीलाही देता येत नाही. काळ्या रानात मात्र कोणाशीही करार होवो, खांबाची चाचणी दोनदा करायला लावा: एकदा मे महिन्यात, आणि त्याच खांबांची पुन्हा पोळा झाल्यावर.